मागची बाजू

"तू बोलायचं नाहीस. माऊस धरायचा आणि मी सांगेन तिथे न्यायचा. बिल्कुल चूप," मीटिंगच्या खोलीच्या दारात यतीन सर देवयानीला म्हणाले.

"कोणी मला विचारलं तर?"

"तरी नाही. अगं, तू पार्ट्स लावून देतेस फक्त. कुठला पार्ट कुठे, कुठला लेयर चालू, कुठला बंद. घर लावल्यासारखं. त्याला काय डिझाइन म्हणतात?"

देवयानीनं लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. हिरवा सर्किट बोर्ड पडद्यावर उमटला. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राचा बोर्ड. चारशे बारा सुटे भाग. प्रत्येकाचं माप तिनं स्वतः घेतलं होतं. हीटरच्या जोडण्या एका गटात ठेवल्या होत्या, तापमान मोजणाऱ्या दुसऱ्या गटात. जे भाग केसभरही हलता कामा नयेत, ते लॉक केले होते. सगळं मिळून अकरा थर, म्हणजे लेयर, होते, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे; हवा तो दाखवायचा, नको तो लपवायचा.

कोपऱ्यातल्या चौकटीत डिझाइन करणाऱ्याचं नाव होतं. शुक्रवारपर्यंत तिथे 'देवयानी शितोळे' होतं. सोमवारी ती मयूर विहारहून फरीदाबादला कामावर पोचली, तेव्हा तिथे 'यतीन राजे' होतं.

त्याच सोमवारी तिच्या टेबलाजवळच्या प्रिंटरमधून एक कागद बाहेर आला. देवयानी यांचा करार महिनाअखेरीस संपतो, तो वाढवण्याची गरज नाही, साधा ऑपरेटर पुरेल. खाली यतीन सरांचं नाव. आजची मीटिंग झाली की मालक भाटियाजी त्यावर सही करणार होते.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून चंद्रप्रभा मॅडम आल्या होत्या. साठीच्या. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना पांढरा डाग. भाटियाजींच्या शेजारी बसून त्यांनी चहा बाजूला सारला आणि चष्मा लावला.

यतीन सर वीस मिनिटं बोलले. "मैंने यहाँ ये सोचा", "मैंने वहाँ वो रखा". देवयानी माऊस हलवत राहिली.

"एक मिनिट," चंद्रप्रभा मॅडम म्हणाल्या. "ये अक्षर उल्टे क्यों हैं?"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. बोर्डच्या डाव्या कडेला हिंदीत तीन ओळी होत्या. आरशात दिसाव्यात तशा, उजवीकडून डावीकडे.

भाटियाजींनी यतीन सरांकडे पाहिलं. यतीन सर हसले. "सॉरी मॅडम. डिझाइन मेरा है, लिखाई इनकी. दस बार समझाया है, ध्यान नहीं देतीं." मग खाली वाकून दबक्या आवाजात मराठीत म्हणाले, "सरळ कर ते. आत्ता."

देवयानीनं माऊसवरून हात काढला.

"नाही करणार, सर."

ती दबक्या आवाजात बोलली नव्हती. मराठी न कळणाऱ्या भाटियाजींनाही ते कळलं.

यतीन सरांनी माऊस स्वतःकडे ओढला. इकडे तिकडे शोधून त्यांनी पहिली ओळ निवडली आणि सरळ केली. 'पहले बिजली बंद करें' असं पडद्यावर स्वच्छ वाचता आलं.

"देखा? दो सेकंड का काम है," ते म्हणाले. "बाकी दोनों बाद में कर देंगे."

"अच्छा," चंद्रप्रभा मॅडम म्हणाल्या. "अब बोर्ड पलटिए ज़रा. पीछे से दिखाइए."

यतीन सरांनी एक बटण दाबलं. मग दुसरं. चित्र लहान झालं, मोठं झालं. बोर्ड पलटला नाही. देवयानीनं हात पुढे केला आणि एकच कळ दाबली.

बोर्ड उलटा झाला. आता त्याची मागची बाजू समोर होती. तिथल्या दोन ओळी सरळ होत्या, एक उलटी. उलटी होती ती यतीन सरांनी सरळ केलेली.

बाहेर फोर्कलिफ्ट मागे येताना पीं पीं करत होती.

"बीस साल मैंने ये मशीनें रिपेअर की हैं," चंद्रप्रभा मॅडम भाटियाजींना म्हणाल्या. "मैकेनिक बोर्ड को उल्टा करके पकड़ता है, पीछे से पढ़ता है. जिसने ये बनाया है, उसे मालूम है." मग त्या देवयानीकडे वळल्या. "नाम क्या है आपका?"

देवयानीनं सांगितलं.

"वही नाम उस डिब्बे में देखूँगी, तब साइन करूँगी. और अगला बोर्ड भी इन्हीं से चाहिए."

भाटियाजींनी समोरच्या फाइलमधला एक कागद काढला, दुमडला आणि खिशात घातला. मग त्यांनी देवयानीला चौकटीकडे बोट दाखवलं.

ती नाव टाइप करू लागली. यतीन सर तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"अक्षरांचा तो लेयर मीटिंगमध्ये नेहमी बंद असतो," ते हळूच म्हणाले. "आज चालू कसा राहिला?"

"राहिला नाही, सर," देवयानी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "कुठला लेयर चालू, कुठला बंद, ते मी लावते. तेवढंच तर करते मी."