कोपराची रेघ

घर घ्यायचं की नाही, हे स्वयंपाकघरावर अडलं होतं. ओटा खचलेला, कपाटं फुगलेली. सगळं नव्याने करावं लागणार होतं, म्हणून नवऱ्याने भर दुपारी सुताराला बोलावलं.

“अहो, मला हे घर नकोय,” बायको तिसऱ्यांदा म्हणाली.

“तुला काय हवंय ते तुला तरी कधी कळलंय?” नवरा सुताराकडे बघून हसला. सुतार हसला नाही.

ओट्याची उंची ठरवायची त्याची एक पद्धत होती. स्वयंपाक करणारीला भिंतीला टेकून उभं करायचं, हात दुमडायला लावायचा आणि कोपराशी पेन्सिलीने आडवी रेघ मारायची. त्यासाठी त्याने जुनं कपाट ओढून भिंत मोकळी केली.

मागे रेघा होत्याच. एकाखाली एक, सात. सगळ्यांत खालची गुडघ्याशी.

“आधीच्यांची पोरं वाढत गेली असतील,” नवरा म्हणाला.

“वरची पुसट झालीय, साहेब. खालची ताजी आहे.”

बायको भिंतीला टेकली. तिचं कोपर वरून पहिल्या रेघेवर अचूक बसलं.

तेवढ्यात नवऱ्याने एजंटला फोन लावला. “घेतोय आम्ही. हो, हो, तिलाही पसंत आहे.”

बायको भिंतीपासून हलली नाही.

सुताराने पेन्सिल टेकवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तिचं कोपर दुसऱ्या रेघेवर होतं.