शाईतली वलयं

"ताई, दिसलं का काही?" वनिदाच्या भावजयीनं, दाओवोननं, दारातूनच विचारलं.

वनिदानं सूक्ष्मदर्शकावरची मान उचलली नाही. काचेवर तिच्या धाकट्या भावाच्या, खामपोनच्या पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी होतं. त्यात काळी शाई मिसळली, की मेंदूतली बुरशी पांढऱ्या वलयांसारखी दिसते. वलयं होती.

"बुरशीच आहे, दाओ."

"पण डॉक्टर मेंदूचा क्षय म्हणत होते. आज औषधं सुरू करणार होते."

"त्यांचा तो अंदाज. मी डोळ्यांनी बघितलंय."

मेकाँगकाठच्या त्या इस्पितळात वनिदाच्या नजरेवर कुणी शंका घेत नसे. ती काटकसरीही तशीच. काडी शाईत बुडवायची, काचेवरच्या पाण्यात फिरवायची आणि काडीवर उरलेली शाई बाटलीच्या काठाला निपटून परत आत. नव्या मुलींनाही तिनं हेच शिकवलं होतं. "शाई काय नळाला येते?"

दुपारी राजधानीतल्या प्रयोगशाळेचा फोन आला. "वनिदाताई, तुम्ही खात्रीसाठी आमच्याकडे पाठवता त्या नमुन्यांत बुरशी उगवतच नाही हो. दोन महिन्यांत एकदाही नाही."

"बारा तास बसमध्ये माणूस उकडून निघतो, तिथे बुरशीचं काय घेऊन बसलात!"

क्षयाची औषधं कपाटातच राहिली. बुरशीचं औषध चढवलं, की खामपोनला अशी थंडी भरायची की खाट हलायची. सहाव्या दिवशी त्यानं बायकोला ओळखलं नाही. इस्पितळात जीव गेला तर आत्मा घर शोधत भटकतो, म्हणून त्याला घरी नेलं. आत्मा अंगातच बांधलेला राहावा म्हणून सगळ्यांनी त्याच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले. वनिदा बांधू लागली तेव्हा तो जरा शुद्धीवर आला.

"ताई, घट्ट बांध. मला जायचं नाहीये."

तिला गाठ मारता येईना. घरी आणल्यापासून तिसऱ्या दिवशी तो गेला.

"तुम्ही होतात म्हणून निदान कळलं तरी," दाओवोन तिच्या गळ्यात पडून म्हणाली. "नाहीतर चुकीचं औषध देत बसले असते त्याला."

दहा दिवसांनी वनिदा कामावर आली. सूक्ष्मदर्शकाला नवा दिवा बसवला होता. उजेड नीट पडतो का ते बघायला तिनं काचेवर उकळून गार केलेल्या साध्या पाण्याचा थेंब घेतला, नेहमीच्याच बाटलीतली शाई त्यात फिरवली आणि डोळा लावला.

उजेड चांगला होता. काळ्यात पांढरी वलयं लख्ख दिसत होती.