हेडगर्लचं पहिलं काम

आदिवासी मुलींनी पुढं यायला हवं, या विचारानं कॉन्व्हेंटच्या मुख्याध्यापिका सिस्टर एकाएकी पेटून उठल्या. बिशप यायचे होते ना. त्यांनी डोंगरातल्या वस्तीवरची एक मुलगी हेरली, तिला हेडगर्ल केलं आणि बिल्ला लावता लावता काम समजावलं, "शाळेच्या फाटकावर उभं राहायचं. गणवेशात न बसणारं काही अंगावर दिसलं, की काढून माझ्या कपाटात ठेवायचं. मग समोर कुणी का असेना."

मुलीनं मान हलवली. गेल्याच महिन्यात तिच्या गळ्यातली, आजीनं ओवलेली माळ याच नियमानं त्या कपाटात गेली होती.

'आदिवासी संस्कृती दिना'साठी सिस्टरांनी भाड्यानं प्लॅस्टिकच्या माळा आणि पिसांचे मुकुट आणवले. एक मुकुट बिशपांच्या डोक्यावर चढवला, एक माळ स्वतः घातली. हौसेला मोल नसतं. चर्चपासून निघालेली मिरवणूक वाजतगाजत फाटकाशी आली, तर हेडगर्ल मधोमध हात पसरून उभी.

"अगं, आज तुमचीच संस्कृती आहे," सिस्टर फोटोवाल्याकडं बघून हसत, दातओठ खात पुटपुटल्या.

"हो सिस्टर. पण गणवेशात नाही बसत."

बिशपांनी मुकुट निमूट उतरवला. मग सिस्टरांना माळ काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मुलीनं ती नीट गुंडाळून हातात घेतली.

"काळजी करू नका, सिस्टर. कपाटात आजीच्या माळेशेजारीच ठेवते. ती सुटली, की हीपण सोडते."