रविवार आईचा

फोन पुन्हा थरथरायला लागला तेव्हा प्रीतीनं तो पिशवीत, टॉवेलच्या घडीखाली सारून दिला आणि लिंबाच्या सावलीत गोधडीवर आडवी झाली.

"घे की. कामाचा असंल," तिची आई, विठाबाई म्हणाल्या.

"नणंदेचा आहे. पोरीच्या सोयरिकीसाठी लातूरला चल म्हणते. नाही म्हणून सांगितलंय."

"नाही म्हणलीस?"

विठाबाईंना नवल वाटलं, आणि ते वाटण्यासारखंच होतं. धाराशिवला कचेरीत नोकरी करणाऱ्या प्रीतीला आजवर कुणाला नाही म्हणणं जमलेलं नव्हतं. साहेबांचं सुट्टीतलं काम, कुणाच्या निरोप समारंभातलं भाषण, गल्लीतली भिशी, शेजारच्या पोराचा दाखला, सगळं तिच्याकडं. प्रीतीला सांगितलं की झालं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला थोडं आवडतही होतं. मग दिवाळीआधी ती कचेरीच्या जिन्यातच चक्कर येऊन बसली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, "तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, ते आधी ठरवा. बाकीचं कमी करा."

प्रीतीला फार विचार करावा लागला नाही. वडील गेल्यापासून माकणीत एकटी राहणारी, कधी काही न मागणारी आई तिच्या डोळ्यांसमोर आली. तेव्हापासून ती एकेक ओझं उतरवत गेली आणि दर रविवारी सकाळच्या एसटीनं माहेरी येऊ लागली. नवऱ्यानं, बुद्धघोषनं, तिच्या चेहऱ्यावरचा फरक बघून घरचा स्वयंपाक आपणहून अंगावर घेतला होता.

परसाच्या उतारावर शाळू उभा होता आणि त्याच्या पलीकडं धरणाचं पाणी पसरलं होतं. पौषातलं ऊन मऊ होतं. पाण्यावर एक होडी होती. ती चालली होती की थांबली होती, ते प्रीतीला पडल्या पडल्या कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

जेवण अंगावर आलं होतं. येसर आमटी, धपाटे, शेंगांची पोळी. माहेरी आलेल्या लेकीला साधं जेवू घालायचं नाही आणि जाताना तिची पिशवी रिकामी पाठवायची नाही, हे विठाबाईंच्या हाडात मुरलेलं. शनिवारपासूनच त्यांचं भाजणं-कुटणं सुरू होई.

त्यांनी लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळावर त्यांची बोटं हलके पडू लागली. एक थाप, मग दोन, मधेच बोटांची सरसर. आपण पाळण्यात होतो तेव्हाही आई अशीच थोपटत असेल, असं प्रीतीच्या मनात आलं आणि तिला भरून आलं.

कुंपणाबाहेर चपला वाजल्या. शेजारची नागूबाई होती.

"अक्का, येताव व्हय? सगळ्याजणी विहारात जमल्यात. तुमच्याबिगर ढोलकी तशीच पडलीया."

"पोरगी आलीया माजी," विठाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी करा सुरू."

नागूबाई जरा घुटमळली, प्रीतीकडं बघून हसली आणि निघून गेली.

"कसलं गं?" प्रीतीनं डोळे न उघडता विचारलं.

"बायका गाणं बसवायल्यात रविवारचं. आपलं उगंच."

"जायचं होतंस की."

"लेक घरात असताना कसं जायचं?"

प्रीती मनातून सुखावली. सगळं जग तिच्याकडं काही ना काही मागत होतं, आणि इथं एक माणूस तिच्यासाठी सगळं सोडून बसलं होतं. त्या सुखातच तिला झोप लागली.

झोपेत होडी अंगणात आली होती. शाळूच्या कणसांवरून ती अलगद पुढं सरकत होती, आई वल्हं मारत होती आणि कुठूनतरी बायकांचं गाणं येत होतं. जाग आली तरी गाणं येतच राहिलं, वाऱ्याबरोबर कमी-जास्त होत. विठाबाई दारात उभ्या होत्या, त्या बाजूला तोंड करून.

"काय गं आई?"

"काय न्हाय. ताल सुटायलाय त्यांचा."

चहा घेताना विठाबाईंनी विचारलं, "एक सांग. नाही म्हणलं की माणसं रुसत न्हायती का?"

"रुसतात ना. पण मनात ओझं ठेवून वरवर हसत राहिलं तर आपणच आजारी पडतो. सरळ सांगावं. माया असली तर समजून घेतात."

"अन लई जवळचं माणूस असंल तर?"

"मग तर आधी त्यालाच सांगावं." प्रीती सरसावून बसली. तिला वाटलं, चुलत्यांच्या घरचं कुणीतरी आईला राबवून घेतंय. "कुणी त्रास देतंय का तुला?"

"त्रास न्हाय गं," विठाबाई म्हणाल्या आणि कपबशा घेऊन आत गेल्या.

ऊन कललं तशा दोघी फाट्यावर आल्या. शेंगदाण्याची चटणी आणि खारवड्यांनी फुगलेली पिशवी विठाबाईंनी स्वतःच धरली होती. रस्त्याला कुणी नव्हतं. तुरीच्या शेतावरून पाखरं परतत होती. असं हलकं आपल्याला किती वर्षांत वाटलं नव्हतं, हे प्रीतीला आठवेना.

"आई, आता काहीही झालं तरी रविवार तुझा," ती म्हणाली. "साहेब बोलावू देत, नाहीतर नणंद रुसू दे. हा एक दिवस मी कुणाला देणार नाही."

वळणावर एसटी दिसली.

"पोरी, तुजं ऐकून म्या बी एक गोष्ट सोडायचं ठरवलंय."

"बरं केलंस." प्रीतीला आनंद झाला. "काय सोडतेस?"

विठाबाईंनी पिशवी लेकीच्या हातात दिली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

"तुजं दर रविवारचं येणं, बाळा."