चाकांचे बूट

बाळांनो, क्षणभर असं समजा, की साल १९८३ आहे, तुम्ही नाशिक रोडच्या एका कॉलनीत राहता आणि अख्ख्या कॉलनीत चाकांचे बूट फक्त शेजारच्या हेमलताकडे आहेत. कसं वाटेल? विशाखाला अगदी तसंच वाटायचं. हेमलता गच्चीवर खर्रर्र करत फिरू लागली, की इकडे विशाखाला घास गोड लागत नसे.

एका रविवारी कॉलनीतल्या मोकळ्या जागेवर सभा भरली. इथे स्केटिंगसाठी गुळगुळीत फरशी घालायची का, असं रंगनाथकाकांनी सगळ्यांना विचारलं. मोठ्यांचं काही केल्या एकमत होईना. शेवटी काका म्हणाले, "खेळायचंय पोरांना, तर पोरांनाच विचारू या की!"

विशाखा ताडकन उठली. "एकट्या हेमीसाठी कशाला? मला नकोच!"

"जळली गं बाई, जळली!" मागून कुणीतरी खिदळलं.

काकांनी हसू दाबत हेमलताकडे पाहिलं. "तू सांग बेटा. तुला तर हवंच असेल."

हेमलताने जोरजोरात मान हलवली. "नको काका! फरशी झाली की सगळेच घरी हट्ट करून बूट आणतील. मग माझ्याकडे कोण बघणार?"

सभेत हशा पिकला. विशाखा मात्र हसली नाही.

ती पुन्हा उठली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "काका, मग मला हवंच!"