सहीची अट

“आधी सही, मग परीक्षा,” आनंदराव म्हणाले आणि दारात आडवे उभे राहिले.

स्नेहलच्या खांद्याला पिशवी होती. वकिलीच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा उद्या पुण्यात होती. कॉलेज बंगळूरचं, जागा मोजक्या, आणि पोरीनं त्यासाठी वर्षभर डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. पण आनंदरावांनी अट घातली होती. तिला अठरा पूर्ण झाली होती. आज दौंडच्या नोंदणी कार्यालयात जाऊन तिनं हक्कसोडपत्र करून द्यायचं, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या, सुरजच्या नावे सोडायचा. मग तिथूनच पुण्याची रेल्वे पकडायची.

बाहेर आनंदरावांचा चुलतभाऊ पोपटराव जीप घेऊन बसला होता. हे खूळ त्याचंच. लेकींना जमिनीत वाटा देणारा नवा कायदा आल्या आल्या त्यानं आपल्या दोन्ही बहिणींच्या सह्या उरकल्या होत्या, एकेका साडीवर. “पोरगी वकील झाली की पैली नोटीस तुलाच येतीय बघ,” असं तो पारावर चारचौघांत म्हणाला, तेव्हा आनंदराव हसले होते. घरी येईपर्यंत मात्र हसू मावळलं.

त्या दिवसापासून त्यांना पोरीच्या प्रत्येक हालचालीत काहीतरी शिजताना दिसू लागलं. आपण ओसरीवर आलो की ही पान का उलटते? पेपरातली कात्रणं कापून कुठं ठेवते? जेवताना ती सरावाचे प्रश्न विचारायची. अ च्या झाडाचा आंबा ब च्या रानात पडला, तर आंबा कुणाचा? पूर्वी आनंदराव झोकात सांगायचे, “ज्यानं उचलला त्याचा!” आणि सगळं घर हसायचं. आता त्यांना प्रत्येक प्रश्नातला अ म्हणजे आपणच वाटू लागला. ते भाकरी अर्धी टाकून उठायचे.

त्यात तलाठ्यानं तेल ओतलं. चावडीसमोर गाठून तो हळूच म्हणाला, “तुमची स्नेहल आली हुती. लग्न झालेल्या पोरीला बापाच्या जमिनीत वाटा मिळतो का, विचारत हुती.”

लग्न झालेल्या पोरीला! आनंदरावांच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे नुसता वाट्याचा विषय नव्हता. कुणीतरी पोरगा होता. आधी परीक्षेच्या नावाखाली बंगळूर गाठायचं, तिथं परस्पर लग्न लावायचं आणि मग वाट्यासाठी बापाला कोर्टात खेचायचं. सगळं कसं जुळून आलं. लाडाची लेक ती, आणि तिच्यावरच पाळत ठेवत ते आठवडाभर फिरले. पोरगा काही सापडला नाही. त्यामुळे तर संशय अजूनच वाढला.

“करते की सही,” स्नेहल शांतपणे म्हणाली. “चला.”

एवढ्या सहज? आनंदरावांचं डोकं भणभणलं. रडली असती, भांडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं.

“तलाठ्याकडं कशाला गेलतीस?” त्यांनी शेवटी विचारलंच. “कोण हाय त्यो पोरगा? आज नाव सांगितल्याबिगर उंबऱ्याभाईर पाऊल टाकायचं न्हाई.”

स्नेहलनं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. कुशाबाई चुलीपुढून उठल्या. पदराला हात पुसत दारापाशी आल्या.

“पोरगा-बिरगा कोण न्हाई. तिला मीच पाठवलं हुतं,” त्या म्हणाल्या. “लग्न झालेली पोरगी म्हंजी मी.”

कुशाबाईंचं माहेर कासुर्डीचं. त्यांचे वडील थंडीत वारले होते. आता भाऊ येणार होते, साडी आणि हक्कसोडाचा कागद घेऊन. वाटा मागितला तर माहेर तुटणार होतं, म्हणून त्या कुणाला काही बोलल्या नव्हत्या. नवऱ्यालाही नाही. सही करण्याआधी आपण काय सोडतोय, एवढं तरी कळावं, म्हणून त्यांनी पोरीला विचारायला सांगितलं होतं, आणि बोभाटा होऊ नये म्हणून गप्प राहण्याची शपथ घातली होती.

कासुर्डीची ती जमीन आनंदरावांना चांगली ठाऊक होती. पाटाखालची बागायत. उभा ऊस. त्यांचा राग कुठल्या कुठं पळाला.

“मग?” ते स्नेहलला म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. “मिळतो का वाटा?”

“आजोबांच्या वाट्याला जे आलं, त्यात आईचा मामांच्या बरोबरीनं हक्क आहे.”

“मग सही कशाला करायची?” आनंदराव बायकोवर उसळले. “साडीवर भुलू नको! बापाच्या जमिनीत लेकीचा हक्क असतोय. सरकारनंच दिलाय. भाऊ आलं तर सरळ न्हाई म्हणून सांग!”

जीपमधला पोपटराव खाकरला. आनंदरावांचं तिकडं लक्षच नव्हतं.

कुशाबाईंनी पायात चपला सरकवल्या. पोरीच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडं घेतली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “आमच्या भावास्नीबी दौंडलाच बोलवून घ्या. हिची सही झाली, की त्याच हापिसात माझीबी करते.”

आनंदराव जीपपाशी उभे राहिले. एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. स्नेहल अजून मान खाली घालूनच होती, पण हसू काही तिला आवरत नव्हतं.

“काय मग?” पोपटरावानं चावी फिरवली. “दौंडलाच ना?”

“पुण्याला घे,” आनंदराव म्हणाले. “पोरीला उशीर हुतोय.”