मास्तर की ट्रकवाला

“तुजंच खरं हाय, राधाकिशन. मास्तर हाच त्याचा सगळ्यात भारी रोल. मी हरलो, बस,” शिवशंकरकाका म्हणाले आणि आबांच्या गालावर साबणाचा ब्रश फिरवायला लागले.

दारात लेकीला थोपटत उभ्या असलेल्या अंजलीचा हात थांबला. कॉटवर पडलेल्या आबांनी, तिच्या वडलांनी, डोळे मिटून घेतले.

चौसाळ्यात हे वाक्य कुणाला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. अनंतराज या नटाला दोघांनी पोरवयात जत्रेच्या तंबूत पाहिलं, तेव्हापासूनचा हा वाद. एका सिनेमात अनंतराज मास्तर होता. त्याची वाचा जाते आणि पुढं तो नुसत्या डोळ्यांनी सगळं सांगतो. दुसऱ्यात तो ट्रक ड्रायव्हर. पहिल्या रिळापासून शेवटापर्यंत तोंडाला कुलूप नाही. आबांच्या लेखी मास्तर म्हणजे त्याच्या कामाचा कळस आणि ट्रकवाला सगळ्यात टुकार. काकांचं नेमकं उलटं.

“स्टेरिंग कसं धरतो बघ, जसं काय शेजाऱ्याचं ओलं लेकरू,” आबा म्हणायचे.

“आन तुजा मास्तर? मुकं बसायला काय लागतंय बे, बैल बी बसतो!” काका वस्तरा उगारून विचारायचे. काकांच्या सलूनमध्ये दाढी झालेली गिऱ्हाइकंसुद्धा खुर्ची सोडायची नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर आबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अंजली लेकीला घेऊन पाटोद्याहून माहेरी आली. काका रोज घरी येऊन आबांची दाढी करू लागले.

बघायला येणाऱ्यांची तर रीघच लागली. आजारी माणसाचं मन मोडायचं नाही, ही गावाची रीत. त्यामुळे जो येई तो मान डोलवी. आबांनी चहाची बशी सारली की “बरोबर हाय, कशाला प्यायचा चहा.” तीच बशी पुन्हा ओढली की “प्यावा, प्यावा, लई चांगला असतो.” आई, बायनाबाई, जन्मभर आबांच्या शब्दाला शब्द लावत आली होती. तीही आता “तुमी म्हणाल तसं” म्हणायची. आबा काहीच म्हणत नसताना.

बीडच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या होत्या. “त्यांना सगळं समजतंय. पण हे सुरुवातीचे महिने हातचे गेले तर पुढं अवघड होईल. व्यायाम मी देईन. बोलावंसं मात्र त्यांनाच वाटलं पाहिजे.”

अंजली रोज सकाळी आरसा धरून समोर बसायची. “आबा, आ म्हणा. आऽ.” आबा ओठ घट्ट मिटून भिंतीकडं तोंड करायचे. आ म्हणायची ती मांडीवरची लेक.

आता काकांचा ब्रश थांबला, तरी तोंड चालूच होतं. “खरंच सांगतो, गड्या. बोलून काय व्हतंय? मास्तर एक शब्द न बोलता समदं सांगून जातो. माणसानं बोललंच पाहिजे, आसं थोडंच हाय?”

त्यांचा आवाज कापत होता.  असं सगळं कबूल करून टाकणारं बोलणं अंजलीनं फक्त मरणाला टेकलेल्या माणसाच्या शेवटच्या भेटीत ऐकलं होतं. काका, नका ना हरू, असं तिच्या ओठावर आलं. पण वडीलधाऱ्या माणसाला कसं म्हणायचं?

“मिटला आपला वाद,” काकांनी वस्तरा उघडला. “हलू नको.”

आबा हलले. फेसाखाली ओठ वाकडे झाले. डाव्या हातानं चाचपडत त्यांनी काकांचं मनगट धरलं. घशातून काहीतरी खरवडत वर आलं.

“ट्…”

“काय? टावेल? अंजली, टावेल आण गं पोरी.”

आबांनी मान झटकली. फेस उशीवर सांडला. “ट्र… ट्रक.”

आई पिठाच्या हातानं धावत आली आणि कॉटच्या पायाशी खिळून उभी राहिली.

“ट्रकवाला,” आबा म्हणाले. वाकडं, ओलं, अर्धं गिळलेलं. पण कळलं सगळ्यांना. मग आणखी दम लावून, “भा…री.”

काकांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. ते अंजलीच्या कानाशी लागले. “डोस्क्यात गोंधळ झालाय गं ह्याच्या. ट्रकवाला तर माजा. ह्याचा मास्तर.”

अंजलीनं वाकून आबांकडं पाहिलं. गोंधळलेल्या माणसाचे डोळे असे नसतात. ते बारीक झाले होते आणि डावी भुवई वर चढली होती. समोरच्याला डिवचून झालं, आता त्याची पाळी, अशा वेळी ती सलूनमध्ये चढायची.

“काका,” ती म्हणाली, “आबा वाट बघायलेत. उत्तर द्या की.”

काकांनी आबांच्या भुवईकडं पाहिलं. मग त्यांनी नाक ओढलं, वस्तरा मिटला आणि स्टूल पुढं सरकवलं.

“ट्रकवाला? डोकं फिरलं का बे तुजं? नुसती तोंडाची टकळी! स्टेरिंग तरी धरता येतं का त्याला?”

आबांच्या घशात पुढचा शब्द जमायला लागला. दिवाळीपासून ज्यांना कूस बदलायला दोन माणसं लागत होती, ते आबा वाद मरू नये म्हणून एकटेच काकांनी सोडलेल्या, पलीकडच्या बाजूला जाऊन बसले होते.